एका गावातील दोन शाळा : किल्लारी परिसरातील शालेय विषमतेचा विचार

किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर या तारखेला दोन अर्थ आहेत. पहिला साऱ्या जगाला ठाऊक आहे. १९९३ साली, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूमी हादरली आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे दगडमातीखाली गेली. दुसरा अर्थ आम्हा शिक्षकांपुरता आहे. शाळेची पटसंख्या शासन याच तारखेची धरते, त्या पटावरून संचमान्यता होते, आणि कोणत्या शाळेत किती शिक्षक राहतील व किती अतिरिक्त ठरतील हे त्यावरून निश्चित होते. सकाळी भूकंपात गेलेल्यांना श्रद्धांजली वाहायची आणि दुपारी हजेरीपट जुळवायचा, असा या भागातील शिक्षकाचा हा दिवस असतो.

भूकंपाने केलेली हानी मोजली गेली, तिच्यावर ग्रंथ झाले, परिषदा झाल्या. पटाच्या रकान्यातून दरवर्षी थोडी थोडी होणारी हानी मात्र कोणी मोजावयास बसत नाही. ती सर्वांची नसते. गावातील ठरावीक घरांचीच असते. आपल्या निवासी विद्यालयात येणारी बहुतेक मुले त्याच घरांतून येतात. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय मांडावा असे आम्हांस वाटले.

शाळा आणि सत्ता यांचा संबंध महाराष्ट्रात प्रथम स्पष्टपणे मांडला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारला हिशेब विचारला : तिजोरीत पैसा येतो तो प्रामुख्याने कष्टकरी रयतेकडून, मग तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का खर्च व्हावा? किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. पुढे कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा कायदा केला, आणि दोनच वर्षांनी अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसविण्याची आज्ञा दिली. या दुसऱ्या आज्ञेकडे अभ्यासकांचे लक्ष कमी जाते. आमच्या मते तीच अधिक मूलगामी होती. वेगळी शाळा कितीही चांगली चालविली तरी ती वेगळीच राहते, हे महाराजांनी ओळखले होते.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा विचार आकड्यांच्या भाषेत नेला. मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदे मंडळात शिक्षणावरील अनुदानाच्या चर्चेत ते बोलले. हे भाषण प्रत्येक शिक्षकाने मुळातून वाचावे असे आहे. सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते आणि अबकारी उत्पन्नातून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हे त्यांनी दाखवून दिले. शाळेत नाव घातलेल्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोहोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात, हेही त्यांनी सांगितले. त्यांचा पुढचा मुद्दा आजही अनेकांना पचत नाही. जे समाज समान पातळीवर नाहीत त्यांना समान वागणूक दिल्याने समता येत नाही. मागे असलेल्याला अधिक द्यावे लागते, असे ते ठामपणे म्हणाले. शाळांच्या बाबतीत या तत्त्वाचा अर्थ उघड आहे. ज्या शाळेतील मुलांच्या घरी पुस्तक नाही, दिव्याखाली बसावयास जागा नाही, त्या शाळेला इतरांइतकेच दिले तर तिला कमीच दिले असे होते.

हे सारे आपल्या सीमेपलीकडे चालले होते, हे विसरता कामा नये. सोलापूर ब्रिटिश मुलखात होते; तेथे १९२५ च्या जानेवारीत बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह काढले. आपला भाग निजामी राज्यात. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू आणि तेही शहरात. जवळच्या हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ तेथे मुख्याध्यापक होते, आणि मराठवाड्याच्या स्वातंत्र्यलढ्याचे अनेक धागे त्या शाळेपर्यंत जातात. परंतु एकूण मुलखाचा विचार केला तर शाळा होती तेथे ती गावाच्या मधोमध होती, आणि गावकुसाबाहेरच्या मुलाला तो मधोमध भागच परका होता. पोलीस कारवाईनंतर १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेव्हा या मुलखातील पहिली दलित पदवीधर पिढी घडू लागली. पुढे तेच मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. त्या पिढीतील कित्येकजण शिक्षक झाले आणि त्यांनी वस्तीवस्तीतील मुले बोटाला धरून शाळेत नेली.

१९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. मराठवाड्याचे एक वैशिष्ट्य येथे नोंदवावे लागेल. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण मुख्यत्वे खाजगी संस्थांच्या हाती राहिले. आपल्याकडे हैदराबाद राज्याच्या वारशामुळे जिल्हा परिषद प्रशाला, म्हणजे दहावीपर्यंतच्या सरकारी शाळा, मोठ्या संख्येने टिकल्या. पाटलाचा मुलगा, वाण्याचा मुलगा, महारवाड्यातील मुलगा आणि मांगवाड्यातील मुलगी एकाच प्रशालेत बसत. शिवाशिव संपली नव्हती. पाणी पिण्याची तऱ्हा वेगळी होती, बाकावरच्या जागा वेगळ्या होत्या. तरीही मास्तर एकच होता, फळा एकच होता आणि परीक्षेचा कागद एकच होता. गुरुजी आठ दिवस आले नाहीत तर पाटील स्वतः पंचायत समितीत जाऊन विचारणा करीत, कारण त्यांचेही मूल त्याच वर्गात असे. त्या विचारणेचा लाभ आपोआप आपल्या मुलांनाही मिळे.

मग भूकंप आला. दगडाच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद, अशी या भागातील भक्कम समजली जाणारी घरेच सर्वाधिक जीवघेणी ठरली. पत्र्याचे नि कुडाचे हलके छप्पर त्या मानाने तगले. निसर्गाने त्या पहाटे जमीनदार-भूमिहीन असा भेद केला नाही. पुनर्वसनाने तो केला. बावन्न गावे पूर्णतः नव्या जागी वसविण्यात आली. घरांचे आकार जमिनीच्या मालकीवरून ठरले : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, आणि सात हेक्टरांच्या वर असणाऱ्यांना ७५० चौरस फूट. शेती-अवजारे, जनावरे, धान्य ठेवावयास मोठ्या शेतकऱ्याला जागा लागते, असा त्यामागचा युक्तिवाद होता आणि तो अगदीच निराधार नव्हता. पण परिणाम पाहा. आराखड्यात एकाच आकाराची घरे एका ओळीत आली. भूमिहीन बहुतांशी दलित आणि भटके. म्हणून अनेक ठिकाणी अडीचशेच्या ओळी म्हणजेच नवी वस्ती झाली. जातीचा शब्द कोठे लिहावा लागला नाही. सातबारा पुरेसा ठरला.

या सर्व उभारणीत एक गोष्ट मात्र सर्वांना सारखी मिळाली : शाळा. शासनाने आणि देणगीदार संस्थांनी बांधलेल्या नव्या शाळा गावागावांत उभ्या राहिल्या. पक्क्या खोल्या, पटांगण, भूकंपरोधक बांधकाम. त्याच काळात अनेक मुले बाहेरही गेली. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना पुण्याला नेऊन शिकविले. नळदुर्गच्या ‘आपलं घर’ने अनाथ मुलांना आधार दिला. गावात राहिलेल्यांनी पुढची काही वर्षे एकाच शाळेत काढली. साडेसातशेच्या घरातील आणि अडीचशेच्या घरातील मूल पुन्हा शेजारी बसले. आमच्या दृष्टीने या भागातील सार्वजनिक शिक्षणाची ती सर्वांत समतेची वर्षे होत. दुःखाने माणसे सुधारली असे आम्ही म्हणणार नाही. दुसरी शाळाच नव्हती, हे खरे कारण.

दुसरी शाळा हळूहळू आली. लातूर शहराची कीर्ती तोवर राज्यभर पसरली होती. राजर्षी शाहू महाविद्यालय आणि दयानंद महाविद्यालय यांनी घडविलेला ‘लातूर पॅटर्न’ हा शिस्तीचा व परिश्रमाचा पॅटर्न होता; ग्रामीण मुलांना वैद्यकीय-अभियांत्रिकीची दारे त्याने उघडली, हे निर्विवाद. पुढे त्याच्या भोवती खाजगी शिकवण्यांची बाजारपेठ उभी राहिली. अकरावीसाठी लातूरला जावयाचे तर आठवीपासून गेलेले बरे, आठवीपासून जावयाचे तर पहिलीपासून इंग्रजी माध्यम बरे, असा हिशेब घरोघरी मांडला जाऊ लागला. २०१२ च्या स्वयंअर्थसाहाय्यित शाळांच्या कायद्याने नव्या खाजगी शाळांचा मार्ग मोकळा केला. मोठ्या गावांत ‘इंग्लिश स्कूल’च्या पाट्या लागल्या, आणि सकाळी मुले गोळा करीत पिवळ्या गाड्या फिरू लागल्या. त्या गाड्या प्रथम मोठ्या घरांच्या ओळीत थांबल्या. मग चारशेच्या ओळीत. अडीचशेच्या ओळीपुढेही आता एखादी गाडी थांबते. त्या घराने सावकाराकडून किंवा बचत गटातून फी उचललेली असते.

येथे पटाचे गणित समजून घेतले पाहिजे, कारण विषमता त्या गणितातून जन्मते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदपर्यंत तीन. समजा, एका शाळेत चौसष्ट मुले आहेत. जूनमध्ये पाच मुले दाखले घेऊन खाजगी शाळेत गेली. राहिली एकोणसाठ. तिसरा शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याचे समायोजन दुसरीकडे होते, आणि पाच इयत्ता दोन शिक्षकांच्या गळ्यात पडतात. त्यांतील एक मुख्याध्यापक. त्यांचा दिवस पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि बैठका यांत जातो. म्हणजे पाच मुले गेल्याची किंमत उरलेल्या एकोणसाठांनी मोजली. पुढच्या वर्षी ‘शाळेत शिक्षकच नाहीत’ म्हणून आणखी सात पालक दाखले नेतात. त्यांचे म्हणणे खोटे नसते. त्यात २०१२ पासून कित्येक वर्षे राज्यात शिक्षकभरती थांबलेली होती. पवित्र पोर्टलमार्फत ती पुन्हा सुरू झाली तेव्हा निवृत्त होऊन गेलेल्यांच्या रिकाम्या जागा साचल्या होत्या.

आणखी एक गोष्ट कागदावर दिसत नाही. पहिल्यांदा जी पाच मुले गेली, ती ज्यांचा शब्द पंचायत समितीत चालतो त्यांची होती. गळक्या खोलीसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांना फोन करणारा पालक आता पालकच राहिला नाही. इमारत तीच आहे, खडू-फळा तोच आहे, शिक्षकाचा पगारही शासनमान्यच आहे. शाळेसाठी भांडणारा माणूस मात्र शाळेतून उठून गेला. उरलेल्या पालकांपैकी बरेच रोजंदारीवर जातात, आणि काही जण दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्यांच्या फडावर जातात. त्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. योजना असणे आणि वेळेवर सुरू होणे यांतले अंतर शिक्षकांना सांगावयास नको.

ही कहाणी केवळ आपल्या मातीची नाही. ज्या अमेरिकेत बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तेथे सरकारी शाळांच्या पैशाचा मोठा भाग त्या त्या वस्तीतील घरांवरील करातून येतो. म्हणजे शेजार श्रीमंत तर शाळा श्रीमंत. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहरातील एजवूड या गरीब, मेक्सिकन वंशाच्या वस्तीतील पालकांनी याविरुद्ध दावा लावला. एजवूडचे रहिवासी शेजारच्या अलामो हाइट्सपेक्षा अधिक दराने कर भरीत होते. तरी त्यातून दर मुलामागे एजवूडला मिळत २६ डॉलर आणि अलामो हाइट्सला ३३३. सरकारी मदत धरूनही एका बाजूस ३५६ आणि दुसऱ्या बाजूस ५९४ डॉलर असा फरक उरे. १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी पालकांच्या विरोधात निकाल दिला. वंशभेदी वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविणाऱ्या १९५४ च्या ब्राउन निकालाला तेव्हा वीस वर्षेही झाली नव्हती. आपल्याकडे शिक्षकाचा पगार राज्य देते, त्यामुळे घराच्या किमतीवर शाळेचा पैसा अवलंबून नाही. तरीही शेवटी घराच्या आकारावरून मुलाची शाळा ओळखता यावी, या मुक्कामाला आपण दुसऱ्या वाटेने पोहोचलो आहोत.

या स्थितीवर धोरणकर्त्यांनी सुचविलेले दोन उपाय पाहू. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने परिसरातील सर्व मुलांसाठी एकच शाळा असावी, अशी शिफारस केली होती. ती कागदावर राहिली. शिक्षण हक्क कायद्याने तिच्याऐवजी खाजगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना यातून सूट दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. न्यायालयाने योग्यच केले. ज्या लेकराला ती जागा मिळते त्याच्या आयुष्याचा तो प्रश्न आहे. परंतु पंचवीस टक्क्यांनी झेडपीची शाळा सुधारत नाही. तिच्यातील अर्ज भरता येणाऱ्या, धडपड्या पालकांची मुले तेवढी बाहेर पडतात. दुसरा उपाय समूह शाळेचा. वीसहून कमी पटाच्या चौदा हजारांहून अधिक शाळा राज्यात आहेत. त्या एकत्र करून मोठ्या, सुसज्ज शाळा कराव्यात, असा विचार शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला. ऐकावयास तो ठीक वाटतो. पण त्या छोट्या शाळा कोठे आहेत? तांड्यावर, वस्तीवर, वाडीवर. तेथील सातवीतील मुलीला चार किलोमीटर चालावे लागले की तिचे शिक्षण बहुधा तेथेच थांबते. कायद्याने प्राथमिक शाळा एका किलोमीटरच्या आत दिली आहे; पटाच्या कारणाने ते अंतर वाढविणे म्हणजे आधी मुले जाऊ द्यायची आणि मग मुले नाहीत म्हणून शाळा न्यायची, असे होते.

आता आपल्याकडे वळू. या विद्यालयातून बाहेर पडलेले शेकडो बंधू-भगिनी आज शिक्षक, तलाठी, परिचारिका, पोलीस, बँक कर्मचारी आहेत. त्यांपैकी फार थोड्यांची मुले झेडपीच्या शाळेत आहेत. यात गुन्हा नाही. आपल्या लेकराला उत्तम ते मिळावे असे कोणत्या आईबापांना वाटत नाही? दलित मध्यमवर्गाने इंग्रजी शिकू नये, असे म्हणणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हांस नेहमीच शंका वाटत आली आहे. मात्र १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी व्यक्त केलेली व्यथा आपण जयंतीच्या व्यासपीठावरून इतक्या वेळा ऐकली आहे की ती आता बोचेनाशी झाली आहे. तिचा अर्थ दरमहा देणगी एवढाच काढला जातो. देणगीने वह्या येतात. गटशिक्षणाधिकाऱ्यापुढे खुर्चीवर बसून ‘आमच्या शाळेतील तिसरे पद का गेले?’ असे विचारणारा माणूस देणगीने येत नाही.

निवासी विद्यालयाचे कामही या प्रकाशात पाहावे लागेल. अडीचशेच्या घरात संध्याकाळी चूल पेटलेली, दूरदर्शन चालू, धाकटे भावंड मांडीवर. तेथे अभ्यास होत नाही. वसतिगृहाने ती संध्याकाळ मुलाला परत दिली. बाबासाहेबांनी सोलापूरपासून वसतिगृहांवर जो भर दिला त्याचे मर्म हेच होते. पण विद्यालयात जागा मर्यादित, आणि येथे येतात ती गावच्या शाळेतील हुशार मुले. प्रत्येक प्रवेशाबरोबर गावच्या पटातील एक आकडा आणि वर्गातील एक उजेड कमी होतो. यावर प्रवेश थांबविणे हे उत्तर असूच शकत नाही. आपल्या विद्यालयाने ज्या पंधरा-वीस गावांतून मुले घेतली त्या गावच्या शाळांशी नाते ठेवावे, सुट्टीत घरी गेलेल्या नववी-दहावीच्या मुलामुलींनी तेथे संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवावा, समाजमंदिर किंवा विहार त्यासाठी खुला असावा, एवढे मात्र सहज घडू शकेल.

त्याहून महत्त्वाचे साधन कायद्यातच आहे. प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. शाळेचा विकास आराखडा करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे हे तिचे काम. आज बहुतेक ठिकाणी ही समिती सह्यांपुरती आहे. सभा दुपारी होते, आणि ज्याचे मूल शाळेत आहे तो त्या वेळी दुसऱ्याच्या रानात असतो. सभा रात्री आठ वाजता ठेवा असा ठराव करण्यास कोणतीही अडचण नाही. समितीची पुनर्रचना दर दोन वर्षांनी होते. गावात राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी वस्तीतील आयाबायांना त्या सभेस नेले, त्यांच्या शेजारी बसून संचमान्यतेचा कागद आणि खर्चाचा तक्ता मोठ्याने वाचून दाखविला, तर वरिष्ठांकडे जाणाऱ्या अर्जावर पाटलाच्या सहीची वाट पाहावी लागणार नाही. आपल्या गावच्या शाळेत खोल्या किती, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे की नाही, शिक्षक किती, प्रत्येक वर्गात मुले किती, ही यू-डायसची माहिती शासनाने सर्वांसाठी खुली ठेवली आहे. शाळेचे नाव टाकले की ती मोबाईलवर दिसते. पहिल्या सभेत वाचावयास तेवढी पुरे.